एका शब्दाची साक्ष

आमच्या मंडळीत साक्षीचा रविवार असला की पुढची बाकडी आधी भरायची. एरवी माणसं मागं बसतात, दाराजवळ, म्हणजे प्रवचन लांबलं तर सटकता येतं. त्या रविवारी मात्र पुढं. कारण मी बोलणार असायचे.

मंडळी म्हणजे आमची नेरूळची मराठी ख्रिस्ती माणसं. कोणी साताऱ्याकडचं, कोणी नगरचं. स्वतःचं चर्च तेव्हा नव्हतं, एका बालवाडीच्या हॉलमध्ये उपासना व्हायची. भिंतीवर अ अननसाचा, आ आईचा, आणि बसायला पोरांची बुटकी बाकडी. मोठा माणूस बसला की गुडघे कानाला लागायचे. महिन्यातून एका रविवारी प्रवचनाआधी ज्याला वाटेल त्यानं उठायचं आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. त्याला साक्ष म्हणतात. लोक काय सांगायचे? ताप उतरला. बदली टळली. गॅसचा नंबर लागला. सगळं खरं असायचं हो, पण ऐकता ऐकता डोळा लागायचा.

माझं म्हणणं असं, की देव एवढा मोठा, मग त्याच्याबद्दल बारीकसारीक काय सांगायचं? मी माझ्या वडिलांच्या ढवळ्या बैलाची गोष्ट सांगायचे. आमचं गाव वाईच्या पलीकडं. तिथं ढवळ्या रविवारी औताला खांदाच द्यायचा नाही. चर्चची घंटा झाली की दावं तोडून दारात जाऊन उभा. प्रवचन लांबलं की हंबरायचा, आणि मिशनचे साहेब लगेच आशीर्वाद देऊन मोकळे व्हायचे. अशा माझ्याकडं पुष्कळ होत्या. एका सापाला मी प्रभूची प्रार्थना म्हणून परत पाठवला होता, तो जाताना मान लववून गेला.

आमचे हे पुरुषांच्या बाकड्यावर बसून ऐकायचे. नाव सयाजी. म्हातारी झाले आता, घेतलं नवऱ्याचं नाव तर कोण काय करणार. जवळच्या पावणे गावातल्या एका कारखान्यात जन्मभर फिटर. लोखंडाचा तुकडा केसाएवढा कमी-जास्त झाला तरी फेकून देणारा माणूस. म्हणायचे, "मला एक सूत इकडचं तिकडं चालत नाही, आणि देवानं बायको दिली ही."

ह्यांची गंमत काय, ह्यांना हसू येत नसे, कान लाल व्हायचे. आधी पाळी, मग अख्खा कान. घरी असले की कान पुरते लाल झाल्यावर तोंडातून एकच शब्द सुटायचा, "च्यायला." चर्चमध्ये तो गिळावा लागे. ओठ घट्ट दाबून बसायचे, आणि मी समोरून बघून गोष्ट अजून ताणायची. घरी जाताना वाटेत सगळं बाहेर पडायचं. माझं नाव राजाबाई, हे नुसतं राजा म्हणायचे.

"च्यायला राजा, मागच्या खेपेला साप हातभर होता. आज पाच हात?"

"वाढत्या वयाचा होता."

असे आमचे रविवार चालले होते.

पंचाण्णवच्या उन्हाळ्यात हे सकाळी खिडकीपाशी दाढी करत होते. वस्तरा खाली पडला. मी आतून ओरडले, "पाडा, अजून पाडा, फरशी माझ्या बापाची आहे." बाहेर येऊन बघते तर अर्ध्या गालाला साबण, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि माझ्याकडं असं बघतायत जसं मी फार लांब उभी आहे.

दवाखाना झाला. जीव वाचला. पाय काठीच्या आधारानं परत आला, उजवा हात थोडाथोडा आला. वाचा आली नाही. तोंड उघडायचे, आत शब्द दिसतोय असं वाटायचं, आणि बाहेर नुसती हवा. पाणी म्हणता येईना. राजा म्हणता येईना. डोकं मात्र शाबूत. सगळं कळायचं, म्हणून जास्त वाईट.

मंडळीनं काय केलं नाही? खोटं कशाला बोलू, कितीतरी दिवस आमच्या घरी चूल पेटली नाही, एवढे डबे आले. बायकांनी पाळीपाळीनं उपास धरले. माझा मुलगा दुबईला, पण सून वैशाली आणि मी एकट्या आहोत असं कोणी वाटू दिलं नाही. त्या डब्यांतली चवळीची आमटी अजून माझ्या तोंडात आहे.

पण वाचा येईना. दिवस जायला लागले तशी माणसं विचारायची कमी झाली. आमच्या भगिनी मंडळाच्या अध्यक्ष पुतळाबाई, बाई मनानं चांगली, पण बोलणं किसणीसारखं. एकदा माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "राजाबाई, रागावू नका. पण विश्वास पुरा असला ना, की देव थांबत नाही. कुठंतरी तुमच्यात तूट असेल. शोधा."

मला राग आला नाही, भीती वाटली. कारण मी शोधलं. पिठाच्या डब्यात हात घालावा आणि नखाला पत्रा लागावा, तसं झालं. आधी प्रार्थनेला डोळे मिटले की समोर कोणीतरी बसलंय असं वाटायचं. गप्पा मारायचे मी त्याच्याशी. आता डोळे मिटले की नुसता अंधार, आणि वरच्या मजल्यावरचा मिक्सर.

एकदा भांडलेसुद्धा. म्हटलं, तू न केलेले इतके चमत्कार मी तुझ्या नावावर घातले. बैल घातला, साप घातला. सगळी मंडळी तुझं कौतुक करत घरी गेली. मग एक खरा करायला तुला काय होतं? मोठा नको. एक शब्द दे ह्यांच्या तोंडात.

वरून काही आलं नाही. मिक्सर थांबला, तेवढंच.

त्यानंतर मी बोलायचीच थांबले. रविवारी ह्यांना घेऊन जायचे, कारण ह्यांना जायचं असायचं. काठी दाराकडं दाखवायचे. पण मी मागच्या बाकड्यावर, दाराजवळ. गाण्याला नुसते ओठ हलवायचे. साक्षीला लोक मागं वळून बघायचे आणि मी पदर सारखा करत बसायचे. शेवटी त्यांनी वळणं सोडलं. घरी ह्यांच्याशी बोलणं म्हणजे "उठा", "गोळी घ्या", "हात वर करा". गोष्ट नाही, चेष्टा नाही. सांगून करायचं काय? कान लाल झाले तरी पुढचा शब्द येणार नव्हता. ते बघायची माझी छाती नव्हती.

वैशाली एकदा भाकऱ्या थापताना म्हणाली, "आई, घरात आजारी माणूस एक आहे. मुकी दोन झालीत."

"तुझी भाकरी करपते बघ," मी म्हटलं.

सुमित्राबाईनं मात्र सोडलं नाही. ती शेजारच्या शिरवणे गावची, इथं शहर व्हायच्या आधीपासूनची. भावांनी जमिनीवर बिल्डिंगी बांधल्या, भाडी खातात, पण हिची मासळीची टोपली काही सुटली नाही. दर बुधवारी आमच्या जिन्यात टोपली उतरवायची, आणि मासळीपेक्षा जास्त वेळ माझ्या गोष्टींना द्यायची. त्या दिवशी बोंबील निवडून झाले, तरी ती उठेना.

"काय गो राजाबाय, तुज्या घरान आता आवाज नाय. आदी खालच्या मजल्यावं हसू यायचा."

"बोलणारा गप्प झाला, सुमित्रा."

"तो? तो कवा बोलत होता? बोलत होतीस तू." तिनं टोपलीवर फडकं टाकलं. "त्याचा त दुखना हाय. तू कनाला सोरलंस बोलायचं? तुला काय झालाय?"

"माझा देव ऐकत नाही बाई."

"तुजा देव ऐकत नसंल, त्याला काम असंल दुसरा. म्हातारा ऐकतंय ना? त्याचं कान त शाबूत हायत?"

टोपली डोक्यावर घेऊन ती गेली, तिच्या मागोमाग मांजरं गेली. मी बोंबील धूत उभी राहिले. कान शाबूत आहेत, हे खरं. माझ्या डोक्यात ते तसं आलंच नव्हतं. मी नुसतं तोंडाकडं बघत होते.

तरी लगेच काही झालं नाही. माझा स्वभाव हट्टी.

त्याच आठवड्यात पाळकसाहेब आले, आमच्या मंडळीचे धर्मगुरू. सुभाष गायकवाड, ह्यांच्या आजाराच्या थोडं आधी लागलेले, सडपातळ, एका जुन्या लुनावरून सगळ्या सेक्टरांत फिरायचे. ह्यांच्यासाठी प्रार्थना केली, ह्यांचा हात हातात धरून बसले. वैशालीनं चहा दिला आणि आत गेली. हे खिडकीपाशी त्यांच्या खुर्चीत. मी म्हटलं, आज सांगूनच टाकू.

"पाळकसाहेब, एक बोलू का? माझा विश्वास राहिला नाही बहुतेक. चर्चला येते ती ह्यांची काठी म्हणून येते."

मला वाटलं, आता शास्त्र काढतील. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"मावशी, माझंही होतं असं. रविवारी बोलायचं असतं आणि शनिवारी आत बघावं तर काही नसतं."

"मग काय करता?"

"तुमची साक्ष आठवतो. बैलाची."

"साहेब," मी म्हटलं, "असा बैल कुठं असतो का?"

"नसतो, ठाऊक आहे. मी शेतकऱ्याचा पोरगा, फलटणकडचा. आमचे बैल रविवारी दुप्पट खायचे. पण सांगताना तुमचा चेहरा मी बघितलाय. तो काही खोटा नव्हता." त्यांनी बशी ठेवली. "आज सांगता का? मला ऐकायचीय. खरंच."

"आता नाही येत ती मला."

"अर्धी सांगा."

पोरगाच तो, माझ्या मुलापेक्षा लहान. त्याच्या तोंडाकडं बघून वाटलं, ह्याचाही डबा आज रिकामा दिसतोय. आणि सुमित्राचं बोलणं होतंच डोक्यात. मी सुरू केलं. आधी नुसतं घरंगळत. ढवळ्या, दावं, घंटा, दारात उभा. पाळकसाहेब हूं हूं करत होते. मी साहेबांच्या लांब प्रवचनापर्यंत आले, ढवळ्या हंबरला, साहेबांनी आशीर्वाद दिला. एवढ्यावर गोष्ट संपते.

पण माझी नजर सहज खिडकीकडं गेली. ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

कितीतरी दिवसांनी बघितलं मी ते. आणि मग मला राहवेना. मी म्हटलं, "पुढचं मी कधी मंडळीत सांगितलं नाही, पाळकसाहेब. साहेबांचा जीव जडला ढवळ्यावर. परत मायदेशी निघाले तर त्याला बरोबर घेऊन गेले, आगबोटीनं. बोट लागली बिचाऱ्याला. तिकडं थंडी, म्हणून मडमेनं त्याला लोकरीचा कोट विणला. शिंगांना दोन मोजे." डावा कान अर्धा लाल. "दोन वर्षं राहिला. पण करमेना. ज्वारीचा कडबा मिळत नाही तिकडं. शेवटी साहेबांनी परत पाठवला. आमचा बाप वाठार स्टेशनावर आणायला गेला. डब्याचं दार उघडलं तर ढवळ्या आधी बायकांना उतरू देतोय." उजवा कानही. "घरी आणला. आईनं कौतुकानं पाटी भरून पेंड दिली, बशीत चहा दिला. तोंड लावीना. सगळ्यांना कोडं पडलं. मग बापाच्या ध्यानात आलं. आता तो बशीतून पीत नव्हता. त्याला कप लागायचा."

"च्यायला."

मी पाळकसाहेबांकडं बघितलं. पाळकसाहेबांनी माझ्याकडं. आत वैशालीच्या हातातून काहीतरी पडलं. ती दारात येऊन उभी राहिली, हातात पळी.

"कोण बोललं?" ती म्हणाली.

हे स्वतःच दचकले होते. डावा हात तोंडाशी नेला, जणू आत कोणी बसलंय का बघतायत. मग परत म्हणून बघितलं. हळूच, घाबरत. "च्यायला." स्वच्छ. च, य, ल, सगळं जागच्या जागी, एक सूत इकडचं तिकडं नाही.

मी देवाकडं शब्द मागितला होता. कोणता, ते सांगायचं राहून गेलं होतं.

वैशाली रडत होती, हे हसत होते की रडत होते ते त्यांनाच ठाऊक. पाळकसाहेब बिचारे अर्धे उठलेले. मला हळूच विचारतात, "मावशी, आता मी... आमेन म्हणू का?"

"म्हणा की," मी म्हटलं. "अजून कशाची वाट बघताय?"

त्या दिवसापासून घरात तो एकच शब्द. चहा हवा? च्यायला. पाय दुखतो? च्यायला. सुमित्राबाई आली, तिला दारातच स्वागताला च्यायला. ती टोपलीसकट मटकन खाली बसली आणि म्हणाली, "माज्यावं बोलला गो, पयला माज्यावं बोलला," आणि पापलेट फुकट देऊन गेली. मी तिला सांगितलं नाही की पहिला मान ढवळ्याचा.

वाशीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायला नेलं. मला वाटलं, बाई खुर्चीवरून उठतील. त्या शांतपणे हसल्या.

"होतं असं, आजी. आपण ठरवून बोलतो ते शब्द डोक्याच्या एका बाजूला. तिथं ह्यांना मार बसलाय. पण गाणी, पाठ केलेलं, तोंडात बसलेले शब्द, शिव्यासुद्धा, हे बऱ्याचदा दुसरीकडून येतं. ती बाजू चांगली आहे. चमत्कार वगैरे नाही, आम्ही बघतो असे पेशंट. ह्यांच्याबरोबर गाणी म्हणा. भरपूर बोला."

वैशाली खूश. मी रिक्षात तोंड फिरवून बसले. मनात म्हटलं, बघ. एक मिळाला, तोही चमत्कार नव्हे. देव कुठं मध्ये आलाच नाही, दुसऱ्या बाजूनं आपोआप आला शब्द. म्हणजे मी होते तिथंच.

दोन-तीन दिवस तसेच तोंड पाडून काढले. मग तुरीची डाळ निवडायला बसले. गावाहून आलेली डाळ, खडे फार. सूप हलवताना मला माझी आई आठवली. माझी आई बियाणं कधी एका जागी ठेवायची नाही. अर्धं राख लावून घरातल्या मडक्यात, अर्धं मावशीच्या घरी, वेशीपलीकडं. आम्ही विचारायचो, कशाला एवढा उपद्व्याप? म्हणायची, उंदीर लागला, आग लागली, चोर आला, तर एका घरचं जाईल. पेरणी काय थांबणार आहे का?

माझे हात सुपावरच थांबले.

मी कारभारणीच्या जातीची आहे. मला डॉक्टरचं सगळं समजलं नाही, पण एवढं कळलं, की ह्यांच्या डोक्यात कोणीतरी बियाणं दोन जागी ठेवलं होतं. मी मागायच्या आधी. मी जन्मायच्याही आधी. आणि पहिल्या मडक्याला आग लागली तेव्हा मी राखेपाशी बसून ओरडत होते, की तू कुठं आहेस. ठेवणारा दुसऱ्या घराचं दार उघडून कधीचा उभा.

आता कोणी म्हणेल, राजाबाई, ही पण तुझीच गोष्ट. असेल. पण मी ती कोणाला सांगायला रचली नव्हती. एकटीच होते, समोर डाळ. डोळे मिटले. वर मिक्सर चालूच होता. त्या आवाजातच मी म्हटलं, "आहेस होय तू." आणि मग, कितीतरी दिवसांचं राहिलेलं, "थँक्यू." मराठीत म्हणायला रडू आड आलं.

मग आम्ही गाणी धरली. ह्यांच्या आईनं लहानपणी शिकवलेली, नाताळची, कापणीच्या सणाची. मी ओळ सुरू करायची, आणि अर्ध्यावर सोडायची. पुढचे शब्द ह्यांच्या तोंडातून आपोआप यायचे, खडखडीत, आम्ही दोघं थक्क. बोलायला गेलं की कुलूप, गायला गेलं की दार उघडं. म्हणून वैशालीनं युक्ती काढली, रोजच्या बोलण्यालाच चाली लावायच्या. "पाणी द्या" नाताळच्या चालीवर. चहाला आम्ही मयतीच्या गाण्याची चाल लावली होती, कारण ती सगळ्यात संथ. दुपारी चार वाजता आमच्या घरातून तो सूर निघाला की शेजारच्या बाई घाबरून दार उघडायच्या.

असं करता करता "पाणी" चालीशिवाय आलं. "वैशाली" आलं. "राजा" आलं, ते मी कोणाला सांगितलं नाही, पदरात बांधून ठेवलं.

मग साक्षीचा रविवार आला. मी पुढच्या बाकड्यावर जाऊन बसले. मंडळी लगेच कुजबुजायला लागली. ह्यांना पुरुषांच्या बाजूला कडेला बसवलं, काठी ठेवायला जागा हवी म्हणून.

मी उठले. इतक्या साक्षी दिल्या, पण ही वेगळी होती. कारण मी ठरवलं होतं, ह्या वेळी तिखटमीठ लावायचं नाही. झालं तसं सांगायचं. डबा रिकामा झाला होता हे सांगितलं. काठी म्हणून येत होते हे सांगितलं. मग पाळकसाहेब आले, मी बैलाची गोष्ट सांगितली, आणि हे बोलले.

"काय बोलले?" मागून कोणीतरी.

"आता इथं कसं सांगू?"

"सांगा, मावशी."

मी सांगितलं.

आधी एक जण फिसकला. मग सगळा हॉल हसायला लागला. एक आजोबा डोळे पुसत म्हणाले, "राजाबाई, ही बैलापेक्षा भारी." कोणाचा विश्वास बसला नव्हता. जन्मात पहिल्यांदा मी सरळ बोलले, आणि सगळ्यांना वाटलं, आज तर हद्द केली. पुतळाबाई उभ्या राहिल्या.

"पुरे आता. देवाच्या घरात शिवी? आणि आजारी नवऱ्याची चेष्टा?"

पाळकसाहेब उठायला लागले, सांगायला, की मी होतो तिथं. मी त्यांना हातानं बसवलं. पाळकाच्या वशिल्यानं दिलेली साक्ष काय कामाची. पण मग मी ह्यांच्याकडं बघितलं. मान खाली. कान पांढरेफटक. आपल्यावर हसतायत असं वाटलं त्यांना.

लोकांनी विश्वास ठेवला नाही तर नाही ठेवला, पण ह्यांची मान खाली मला चालणार नव्हती. मी म्हटलं, "पुतळाबाईंचं बरोबर आहे. माझं थोडं चुकलंच. खरी गोष्ट सांगायची राहिली."

हसणारे पुढं सरकून बसले.

"हे तो शब्द बोलले, तेव्हा पाळकसाहेबांची लुना खाली जिन्यापाशी उभी होती. शब्द ऐकल्याबरोबर ती आपोआप चालू झाली." ह्यांची मान थोडी वर आली. "तिच्यावर कोणी नाही. एकटी निघाली. ठाणे-बेलापूर रोडला लागली. सिग्नल आला तर थांबली, लुना असली तरी ख्रिस्ती माणसाची." डावी पाळी. मी ह्यांच्याकडंच बघत होते, मंडळीला मी विसरले होते. "सरळ पावण्याला, ह्यांच्या जुन्या कारखान्याच्या गेटवर. हॉर्न दिला. वॉचमननं सलाम केला, म्हणाला, सयाजीराव बरेत का?" दोन्ही कान. ओठ घट्ट दाबलेले, पूर्वीसारखे. "लुना आत गेली. पुढची शिफ्ट सुरू व्हायची होती. सगळे कामगार रांगेत. लुना पण रांगेत उभी राहिली. नंबर आला, आणि तिनं पुढचं चाक उचलून ह्यांचं हजेरीचं कार्ड पंच केलं."

"च्यायला!"

अ अननसाच्या भिंतीवर तो शब्द आपटला आणि परत आला. जन्मभर चर्चमध्ये गिळलेले सगळे एकदम बाहेर पडले असावेत, एवढ्या जोरात.

कोणी हसलं नाही आधी. मागचे आजोबा उभे राहिले. बायकांच्या बाजूला कोणीतरी नाक ओढलं. पुतळाबाई अजून उभ्याच होत्या, तोंडावर पदर, आणि खांदे हलायला लागलेले. त्या खाली बसल्या तेव्हा बुटकं बाकडं कलंडलं, आणि मग जे हसू फुटलं ते आवरेना. रडत हसणं. पाळकसाहेबांनी गाणं सुरू केलं, दुसरा काही उपायच नव्हता. हे काठी टेकून उठले आणि गायले. सगळी कडवी, अख्खे शब्द. मंडळीतली माणसं आपलं गाणं थांबवून त्यांचं ऐकत होती.

मीही गायले. नुसते ओठ नाही.

नंतर चपला घालताना पुतळाबाई शेजारी आल्या. इकडं तिकडं बघितलं. "राजाबाई, ते तूट बिट मी बोलले होते..."

"होती हो तूट," मी म्हटलं. "भरतेय."

त्यांनी चपलेचा पट्टा ओढला. "लुनाचं खरं का?"

"अर्धं."

आता ह्याला दोन वर्षं होतील. ह्यांचे शब्द सगळे काही आले नाहीत. आहेत तेवढ्यात आमचं भागतं. माझा डबा काठोकाठ भरला असंही नाही. मधूनच एखादी दुपार येते, नखाला पत्रा लागतो. पण आता मी घाबरत नाही. पूर्वीचा माझा विश्वास ढवळ्यासारखा होता, मोठा, शिंगांना मोजे घातलेला. आताचा बारका आहे. पण गोठ्यात बांधलेला आहे, हाक मारली की कान हलवतो.

एक तेवढं राहिलं. "आमेन" हा शब्द ह्यांना अजून येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, येईल कधीतरी. तोपर्यंत त्या जागी दुसरा येतो. मंडळीला सवय झालीय. पाहुणे प्रवचनकार आले तर पाळकसाहेब त्यांना आधीच बाजूला घेऊन समजावतात.

परवा संध्याकाळी आम्ही दोघं प्रार्थनेला बसलो. मी एकेकाचे आभार मानत होते. वैशालीचे, मुलाचे, सुमित्राच्या टोपलीचे, त्या चवळीच्या आमटीचे. कुंडीतल्या भेंडीपाशी आले आणि म्हटलं, देवा, तुझे उपकार किती सांगू, भेंडी एवढी लांब आली की खालच्या मजल्याची बाई ती तोडून भाजी करते, आणि देठ आमच्याकडं राहतो.

डोळे मिटलेले होते माझे, तरी मला कळलं, शेजारचे कान लाल होतायत. मी जरा थांबले. शब्द आला.

मग मी आमेन म्हटलं आणि चहा टाकायला उठले.